आमच्या डोक्यावरची गच्ची

१७ एप्रिल
टीव्हीवर परत तेच. पालघर जिल्ह्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा, दुपारी घराबाहेर पडू नका. घरातच भाजतोय, त्याचं काय? चंदनसारला चौथा मजला स्वस्त मिळाला म्हणून घेतला. लिफ्ट नाही, वर उघडी गच्ची. सासरे, अण्णा, अर्धांगवायूपासून त्याच स्लॅबखाली पडून. आज म्हणाले, "पंखो बंद कर गो. गरम वारो मारता."

१९ एप्रिल
सेक्रेटरीकडे गेले. गच्चीत अण्णांच्या खोलीवर तेवढा चुना मारू द्या, स्लॅब कमी तापेल, खर्च आमचा. "मॅडम, गच्ची कॉमन आहे. आज चुना, उद्या शेड टाकाल." शिवाय बायकांची वाळवणं असतात, चादरींना चुना लागेल. म्हणजे माणूस वाळला तरी चालेल. बोलले तसं तोंडावर. ह्यांनी घरी आल्यावर मलाच ऐकवलं.

२२ एप्रिल
पहिल्या मजल्यावरच्या सावंतवहिनी कुरडया तळून घेऊन आल्या. "यंदा ऊन काय छान पडलंय, एका दिवसात कडकडीत." ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. खाल्ल्या. चांगल्या झाल्यात मेल्या.

२५ एप्रिल
अण्णा सकाळपासून बरळतायत. डॉक्टर म्हणे, अंगातलं पाणी कमी झालंय, थंड जागेत ठेवा. कुठे? वहिनींकडे दुपारपुरता हॉल मागितला. मुलगी बाळंतपणाला आलीय, ती नि बाळ तिथेच असतात. खरंय. राग यायचा तो आलाच.

२७ एप्रिल
कुणाला न विचारता पहाटे मी नि हे वर. चुन्याचे दोन हात मारले. दुपारी खोलीत पाऊल टाकताच फरक कळला. अण्णा जेवले, झोपले. सेक्रेटरी दारात येऊन ओरडून गेला. ओरडू दे.

२ मे
आता पाऊस. संध्याकाळी वारा सुटला नि धो धो. चुन्यात डिंक घालायचा राहिला होता, माझीच अक्कल. अर्धा चुना ओघळून गच्चीच्या उताराला वाळत घातलेल्या वहिनींच्या कुरडयांवर. पावसाने भिजून त्यांचा लगदा झालाच होता, पण शिव्या मला. पावसाला कोण देणार? सेक्रेटरी उरलेला चुना माणसं लावून घासून काढणार म्हणतो.

४ मे
पाऊस गेला. ऊन दुप्पट, वर चिकचिक. उरलेल्या चुन्यावरच खोली तग धरून आहे. घासणारे यायच्या आत गच्चीच्या दाराला आमचं कुलूप घातलं. टाकीचा कॉक वरच. वॉचमनने तो उघडला तरच बिल्डिंगला पाणी. माहीत होतं मला. कळू दे एकदा सगळ्यांना.

संध्याकाळ. कोणाकडे पाणी नाही, आमच्याकडेही नाही. सेक्रेटरी दार बडवून गेला. मग सावंतवहिनी आल्या. भांडल्या नाहीत. "बाळाला घामोळ्या उठल्यात गं. आंघोळ नाही घातली. तू कुलूप काढ, मी चुना घासू देत नाही त्यांना."
"सेक्रेटरीशी बोललात?"
"नाही. बोलेन."
आतून अण्णा: "दी ती चावी. बारक्या पोर आसा त्यांच्याकडे."

ह्यांना म्हणे अण्णांचं पटतं. मला पटत नाही असं थोडंच आहे. वहिनी जिन्यावर बसल्यात, मी ओट्याशी उभी राहून हे खरडतेय, चावी मुठीत. कुलूप काढलं नि चुना गेला, तर उद्या दुपारी अण्णांना कुठे ठेवू, हे मात्र कोणी सांगत नाही.