काचेवरचा चरा

बाळकुम, ठाणे
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. शौनक,
अनेक आशीर्वाद.

"घरातल्या माणसाशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं."

सुरुवात खुशालीने करायची म्हणून तीनदा कागद घेतला आणि तिन्ही वेळा बाबांचं हेच वाक्य आधी आलं. नऊ वर्षं झाली त्याला. तुला ते मुलाच्या नात्याने ऐकावं लागलं. मी ते आत, ओट्यापाशी उभी राहून ऐकलं होतं.

तर खुशाली. मी बरी आहे. शाळा चालू आहे. पाचवी ते सातवीचं मराठी अजून माझ्याचकडे आहे. हेमांगी कशी आहे? तुमची समीक्षा यंदा दहावीला असेल, मी मनात मोजत असते. तिला पाहिलं तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. तुझा नंबर लागत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. डोंबिवलीचा पत्ता तुझ्या जुन्या सोसायटीच्या वॉचमनकडून मिळाला. बाळकुमहून तिथे यायला तासभर पुरतो. तरी मी पत्रच टाकते आहे, यावरून ओळख.

बाबांची बायपास ठरली आहे. मंगळवारी, अठरा तारखेला, माजिवड्याच्या हॉस्पिटलमध्ये. सोमवारी दुपारी दाखल करायचं आहे. डॉक्टर म्हणाले, सत्त्याहत्तरीला जेवढा धोका असतो तेवढा आहे. 'तेवढा' म्हणजे केवढा हे विचारायचं मला सुचलं नाही.

झेरॉक्सचं दुकान लॉकडाऊनमध्ये बंद झालं ते कायमचं. कोर्टासमोरची ती जागा आता मोबाइलवाल्याकडे आहे. मशीन मात्र बाबांनी दिलं नाही. आमच्या गॅलरीत आहे, प्लास्टिकखाली. त्याच्यामुळे कपडे वाळत घालायला अर्धीच गॅलरी उरते. बाबा रोज प्लास्टिक उचलून एकदा बघतात आणि परत झाकतात. आत त्यांचं ते चक्र अजून बसवलेलं आहे. गजराच्या घड्याळातलं. तुला आठवतं ना, पावसाळ्यात टोनरची पूड डब्यात एका बाजूला गोठायची, प्रती अर्ध्या काळ्या अर्ध्या फिक्या यायच्या आणि वकील लोक ओरडायचे? मशीन चालू असतानाच पूड हलते, नुसतं बसलं की गोठते, हे बाबांच्या लक्षात आलं. मग त्यांनी घड्याळाचं चक्र जोडून डब्यातली पूड ढवळणारी पंखुडी दर दहा मिनिटांनी पाव वळण फिरेल अशी केली. कुणी प्रत काढो न काढो. तू तेव्हा म्हणालेलास, "बाबा, मशीनला गजर लावला तुम्ही!" ते आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, आमचा शौनक असं म्हणाला म्हणून.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला हात उचलत नाही.

आपल्या मंडळाच्या गणपतीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिका निघाली होती. दोन हजार दहा. त्यात मी लेख लिहिला होता, 'माझे बाबा आणि त्यांचं चक्र'. चार पानं. डबा, पंखुडी, दहा मिनिटं, पाव वळण, सगळं सगळं. मी एक आकृतीसुद्धा काढली होती, बाबांनी पट्टीने रेघा दुरुस्त करून दिल्या होत्या. बाबांना तो लेख इतका आवडला की त्यांनी तो लॅमिनेट करून दुकानात लावला, आणि आपल्याच मशीनवर त्याच्या दोनशे प्रती काढून येईल त्या पक्षकाराला, वकिलाला, टायपिस्टला वाटल्या. "माझ्या मुलीने लिहिलंय, वाचा."

पेटंटचा अर्ज आपण त्यानंतर चार महिन्यांनी केला.

तू नोकरीला होतास त्या झेरॉक्स मशीनच्या कंपनीने अर्जाला विरोध केला, तेव्हाचे इंग्रजी कागद सगळे माझ्याकडे यायचे, कारण बाबा म्हणायचे, वाचन तुझं खातं. कंपनीच्या कागदांत शेवटी एक पान जोडलेलं होतं. माझ्या लेखाचं पान, शौनक. शेजारी त्याचं इंग्रजी भाषांतर. नियम असा की अर्ज करण्याआधी ती गोष्ट कुठेही छापून आली असेल तर ती नवी राहत नाही, मग छापणारी माणसं शोध लावणाऱ्याच्या घरचीच का असेनात. आपला अर्ज भरणाऱ्या पेटंट एजंटसाहेबांचा फोन आला, "मॅडम, हे तुम्ही आधी छापलंत? मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?" मी म्हटलं, "त्यात सांगण्यासारखं काय होतं?" मला खरंच तसंच वाटत होतं.

आणि त्या पानाच्या उजव्या कडेला, वरपासून बोटभर खाली, ती बारीक तिरपी रेघ होती. तू बारावीत असताना स्टेपलची पिन न काढता कागद ओढला होतास आणि मशीनच्या काचेवर चरा पडला होता, ती रेघ. बाबांनी काच बदलली नाही, म्हणाले राहू दे, आपल्या दुकानाची सही आहे. कंपनीने जोडलेलं पान आपल्याच दुकानात निघालेलं होतं. बाबांनी वाटलेल्या दोनशेंतलं एक. कुणाच्या हातून कुठे गेलं ते मला आजही माहीत नाही. तुझ्या हातून नाही, एवढं मात्र मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

अर्ज नामंजूर झाल्याचा कागद आला त्या दिवशी बाबांनी विचारलं, "काय म्हणतात?" मी पूर्ण सांगणार होते. त्यांचा चेहरा बघून म्हटलं, "कंपनी म्हणते, त्यांना हे आधीपासून माहीत होतं." खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. वाटलं, उरलेलं दोन दिवसांनी सांगू, जरा सावरले की. दोन दिवसांनी रविवार होता आणि तू आलास.

मी साबुदाणा परतत होते. तुमचा आवाज चढला तसा मी गॅस बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून. बाबांचं ते वाक्य झालं. दोनशे प्रती वाटल्या ते त्यांच्या लेखी मुलीचं कौतुक होतं, गुपित सांगणं नव्हे. मग तू म्हणालास, "बाबा, मी असं करेन का? ताईला विचारा." आणि बाबांनी खरंच हाक मारली. मी दारात आले. हातात उलथनं होतं. तू माझ्याकडे बघत होतास. तुझ्या चेहऱ्यावर संशय नव्हता रे, नुसती खात्री होती, की ताई आता बोलेल.

मी म्हटलं, "मला त्या कंपनीच्या गोष्टींतलं काय कळतंय?"

तू मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवलंस आणि गेलास. डिप्लोमा झाल्यावर बाबांनी दिलेलं, किल्लीचं. खिचडी मी केली. आम्ही ती खाल्लीसुद्धा. त्यानंतर मी परीक्षेच्या पेपरांवरच्या शेऱ्यांखेरीज काही लिहिलेलं नाही.

आई गेली तेव्हा तू स्मशानात फाटकापाशी उभा होतास. मी तुला पाहिलं होतं. तुला वाटलं असेल, पाहिलं नाही.

आता मागच्या आठवड्यातलं सांगते. दिवसभर बाबांजवळ मंजुळाबाई असतात, इथल्या जुन्या बाळकुम गावातल्या. मी शाळेतून आले तर बाबा खाटेवर बसून तो लॅमिनेट केलेला लेख त्यांना वाचून दाखवत होते. भिंतीवरून काढून उशीखाली ठेवतात हल्ली.

"म्हंजे बाबा तुमी सायंटिस्टच की!" मंजुळाबाई म्हणाल्या.

"मग! काय समजलात?"

"आनि गोल्यांची डबी उघडाला मी लागतंय!"

बाबा इतके हसले की खोकला आला. मला वाटलं, हीच वेळ आहे. हसरे आहेत, लेख हातातच आहे. मी जवळ बसले. म्हटलं, "बाबा, हा लेख कधीचा हो?"

"दहा सालचा. खाली छापलंय ना."

"आणि आपला अर्ज?"

ते घड्याळाकडे बघत होते. तुझ्या घड्याळाकडे. ते त्यांच्या उशाला असतं. रोज सकाळी सव्वासातला ते त्याला किल्ली देतात, नऊ वर्षं, एक दिवस चुकलेला नाही. मी एकदा विचारलं होतं तेव्हा म्हणाले, "बंद ठेवलं की आतलं तेल घट्ट होतं. त्याचं आहे, म्हणून चालू ठेवतो."

मग म्हणाले, "संचू, शौनकला बोलव. ऑपरेशनच्या आधी. मी काही बोलणार नाही त्याला. नोकरीत दबाव असतात, लहान होता, झालं असेल. त्याने फक्त एकदा म्हणावं, चुकलो. मला पुरे."

"बाबा, त्याने केलंच नसेल तर?"

"मग कुणी केलं? तू केलंस?"

आणि हसले. मघासारखेच, खोकला येईपर्यंत. मंजुळाबाई हसल्या. आणि शौनक, मीही हसले.

डॉक्टरांनी सांगितलं आहे, ब्लड प्रेशर वाढेल असं काही नको. ते खरं आहे आणि ते निमित्तही आहे, हे मला कळतं. पण नुसती माझी लाज असती तर मी ती आता पचवली असती असं वाटतं. पान मी लिहिलं, शौनक, पण वाटलं त्यांनी. दोनशे वेळा त्यांच्याच हातांनी. हे त्यांना सांगायचं म्हणजे त्यांच्या आयुष्यातली जी एक गोष्ट त्यांनी एवढ्या आनंदाने केली, तिनेच चक्र गेलं आणि मुलगाही गेला, हे सांगायचं. छाती उघडण्याच्या आदल्या दिवशी. मी दारापर्यंत जाते आणि परत येते. शाळेत मुलांना सांगते, मुद्दा आधी लिहा रे, पाल्हाळ नको.

सोबत ते पान जोडलं आहे, कंपनीच्या कागदांतलं, रेघ असलेलं. माझ्याजवळ याची दुसरी प्रत नाही, काढलीही नाही. ते तुझ्याकडे असावं. कधी, कुणाला दाखवायचं ते तू ठरव. ऑपरेशन पार पडल्यावर बाबांना दाखवलंस तर मी शेजारी उभी राहीन आणि या वेळी बोलेन. हेमांगीला तर आजच दाखव. ती इतकी वर्षं काय समजून आहे, कोण जाणे.

आता जे मागणार आहे ते मागण्याचा मला काही अधिकार नाही. तू नाही म्हणशील. म्हणायलाच हवंस. तुझ्या जागी मी असते तर इथवर वाचलंही नसतं. नऊ वर्षं तू जे शब्द म्हणाला नाहीस, कारण ते खोटे होते, तेच मी तुझ्याकडे मागते आहे, आणि ज्या चुकीसाठी मागते आहे ती माझी आहे. दुसरा रस्ता मला सापडत नाही. सापडला असता तर तुला पत्र न लिहिता मी त्याच रस्त्याने गेले असते, इतकी मी भित्री आहे, हेही लिहून ठेवते.

सोमवारी सकाळी सव्वासातच्या आधी ये. मी दार नुसतं लोटून ठेवीन, बेल वाजवू नकोस. बाबा खाटेवर उठून बसलेले असतील, घड्याळ हातात असेल. हल्ली बोटं थरथरतात, किल्ली पटकन सापडत नाही. ते त्यांच्या हातातून घे, तूच किल्ली दे, आणि माझ्या वाटचं 'चुकलो' एकदा तुझ्या तोंडाने म्हण.

म्हणशील?

दारात उभी राहून गप्प बसलेली तुझी ताई,
संचिता