मयतीचा वस्तरा

३ फेब्रुवारी, सोमवार
पोहोचलो एकदाचे शेलूबाजारला! मी, संस्कृती, दोन पिशव्या आणि एक बाहुली. जीपमध्ये पोरगी शेजारच्या बाईला सांगत होती, की आता आमचं स्वतःचं दुकान होणार. स्वतःचं कसलं, सलून वडिलांच्या मित्राचं, लखीरामकाकांचं, आणि मी कारागीर. काकांचा हात थरथरतो म्हणून त्यांना माणूस हवा होता, आणि बायको, निकिता, वारल्यापासून मला पुण्याच्या त्या खोलीत राहवत नव्हतं. काकांनी दुकानामागची खोली दिली. ऊन छान येतं. संस्कृती सहा वर्षांची, पण झाडू तिनेच मारला, बायकोसारखी मला दटावत. सोमवार म्हणून दुकान बंद होतं, तेव्हा काकांनी वरण-पोळी खाऊ घातली आणि तिला विचारलं, की तुह्या बापाले काम येते का नुसताच फॅशनवाला हाय? सगळं येतं, असं तिने ठणकावून सांगितलं.

५ फेब्रुवारी
पुण्याच्या पार्लरात ब्लेड बदललं की संपलं. काका अजून वस्तरे दगडावर लावतात. वडिलांनी शिकवलेलं माझा हात विसरला नव्हता. दगडावर पाणी, पातं आडवं, मग चामड्यावर चार हात. त्यानंतर पारख. आधी नखावर हलकेच टेकवायचं, शेवटी केसावर. एक केस चिमटीत लोंबता धरायचा, पातं लावायचं, न ओढता तुटला पाहिजे. मला हे फार आवडतं. माझे केस बारीक कापलेले, म्हणून संस्कृतीच्या कंगव्यातला लांब केस घेतो. अगदी तिच्या आईसारखे केस आहेत.

एक वस्तरा मात्र वेगळ्या डबीत असतो. कुणाकडे मयत झाली की घरच्यांची डोकी त्यानेच भादरायची, दुसऱ्या कामाला तो घ्यायचा नाही. काकांनी बजावलं, की याले दगड दाखव, पन पारखू नको. काहून, असं विचारलं तर ते चहा सांगायला उठले.

९ फेब्रुवारी
किन्हीराजाहून निरोप आला, उद्या एका घरचा दहावा आहे. मी डबीतला वस्तरा लावला. धार लावायची आणि पारखायची नाही, म्हणजे भाजी करून मीठ चाखायचं नाही. मला नाही जमत. काका बाहेर गेले होते. कंगव्यातला केस धरला. पातं लागायच्या आधीच तो तुटला. अशी धार मी जन्मात लावली नव्हती. खुश झालो, लहान पोरासारखा.

१० फेब्रुवारी
किन्हीराजाचं काम करून आलो, तर संस्कृतीला ताप. थंडी बाधली असेल. बाहुलीलाही गोधडीत घेतलंय.

१२ फेब्रुवारी
वाशीमला नेलं. रक्त तपासलं, काही निघालं नाही. ताप तसाच आहे. उशीवर केस पडलेत, झुबकेच्या झुबके. गळालेले नाहीत. मूळ एकालाही नाही, टोकं सरळ, कापलेली. वस्तऱ्याची डबी बंद होती, मी दोनदा पाहिली.

१३ फेब्रुवारी
काकांना सगळं सांगितलं. त्यांनीही एकदा पारख केली होती, आपल्या मुलाच्या, हरीओमच्या केसावर. हा वस्तरा ज्याचा केस चाखतो, त्याची मयत मागतो. लोक म्हनत होते, बाप पोरासाठी भादरत नाई. पन मी भादरलं रे राजू, याच वस्तऱ्यानं. एवढं बोलून काका रडले. मला त्यांचा राग आला. आधी का नाही सांगितलं? आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का?

१४ फेब्रुवारी
तिच्याऐवजी मला घे म्हणून माझाच केस, आखूड का असेना, चिमटीत धरला. तुटत नाही. पुन्हा धार लावली, पुन्हा धरला. घसरतो. तिच्या उशीवरचा एक उडून आला आणि हवेतच दोन तुकडे—

काका म्हणतात, वस्तऱ्याले मयताच्या मांगं भादराले डोकं लागते. पोरीमागे बाप आहे. माझ्यामागे कोण? भाऊ नाही, मुलगा नाही. मी मेलो तर भादरायला डोकंच नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळ
संस्कृती डोळे उघडत नाही. आई आली का, विचारते. निकिता, तू हिला नेऊ नकोस गं— मी एकटा काय करू—

काकांचे पाय धरले. नाही म्हणाले. पुन्हा धरले. मग म्हणाले, एका पोराचं केलं, तुहंही करीन. खुर्चीत बसले. आपलं पांढरं डोकं आपणच ओलं केलं.

मी माझा केस धरला.

तुटला. पातं लागलंच नाही—

दुपार
ताप उतरला! भात मागितला. दहीभात, वर साखर. हसली माझी बाय, हसली—

मला थंडी वाजतेय. कॉलरवर केस. माझे.

काका, तिची वेणी सैल घाला. ओढली की रडते. पावडर कमी. रात्री बाहुली उजव्या बाजूला. आणि तिला हे कधी सांगू नका, की बाबा तिच्यामुळे—

हाक मारतेय. अजून भात हवा म्हणते. पाय उचलत नाहीत. बाहेर काका मयतीचं पाणी तापवतायत— मी सांगितलं नाही तरी— रडतायत—

आलो गं बाळा. आलोच. तू तोवर ताटली घे, मी