आप्पांची काळी चार

जळकोट, श्रावण

तीर्थस्वरूप शंकरप्पामामांना राजेश्वरीचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील. (फोनच केला असता, पण आमच्याकडे फोन स्पीकरवर लावून सगळ्यांनी ऐकायची पद्धत आहे.)

आमचे सासरे मल्लिनाथआप्पा यांनी गाणं सोडलं. आप्पा भजन काळी चारमध्ये गातात. परवा आमच्या शिवांजलीनं विचारलं, "आजोबा, काळी चार म्हणजे?" पेटीची चौथी काळी पट्टी दाबायची, तिलाच सा मानायचं आणि तिथून गळा वर चढवायचा; म्हणून आवाजालाही पट्टी म्हणायचं, एवढंच. तिनं पुन्हा विचारलं, "पेटी नव्हती तेव्हा काय सांगायचे?" आप्पा म्हणाले, "तवा सांगत नव्हते. गात व्हते." पण पेटी आली आणि शेताला सातबारा असतो तशी गळ्याला पट्टी लागली. आप्पांच्या आजोबांची काळी चार, वडिलांची काळी चार. सत्तरी उलटली तरी आप्पांचीही तीच.

गेल्या सोमवारी देवळात वरच्या सा ला आवाज गेला. गेला म्हणजे निघूनच गेला. तोंड उघडं राहिलं, टाळ चालू राहिले. बायकांना वाटलं, भाव दाटून आला. दोघी-तिघी पाया पडल्या. ह्यांनी (पेटी हेच वाजवतात) हळूच बोट काळी दोनवर आणलं.

"बोट कुठं ठिवलं?" आप्पा भरल्या देवळात म्हणाले.

"आप्पा, तुमचा गळा..."

"गळा माझा हाय. बोट उचल."

ह्यांनी बोट उचललं. आप्पांनी टाळ खाली ठेवले. पट्टी उतरवण्यापेक्षा गाणं बंद. तेव्हापासून भजनातला सगळा जोर माझ्या आमटीवर निघतो. (आमटी पूर्वीचीच आहे.) ते सोसेन. पण संध्याकाळी ओसरीवर बसून नुसते ओठ हलवतात, ते बघवत नाही.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
राजेश्वरी

ता. क. तुमच्या दुकानात सरकत्या पट्ट्यांची पेटी आहे ना, स्केल चेंजर, ती येत्या सोमवारपुरती द्या. पट्ट्या आधीच सरकवून ठेवा. बोट काळी चारवर दिसेल, सूर काळी दोनचा निघेल. आप्पांना अजिबात कळता कामा नये.

आणखी एक ता. क. मी डिंक आणायला आत गेले तेवढ्यात आप्पांनी पत्र वाचलं. पत्राची घडी पुन्हा होती तशी घातली. मग म्हणाले, "मामाला लिव, पेटी झाकून धाडा म्हणाव. आन् सरकतीच हाय, तर बोट काळी पाचवर ठिवू."