पेवात राहिलेल्या थोरलीस

प्रिय थोरल्या बाई,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण पत्र असंच सुरू करायचं असतं, असं माझ्या वडिलांनी शिकवलं होतं. ते कारंज्याला कापसाच्या जिनात कारकून. पोरगी बिजवराला द्यावी लागली तरी तिला लिहिता-वाचता यावं, एवढं त्यांनी पाहिलं. सासूबाई होत्या तोवर तुला अहो-जाहो करावं लागायचं. आता त्या नाहीत. तू गेलीस तेव्हा कोवळी पोर होतीस आणि आज मी तुझ्याहून मोठी आहे. म्हणून तुला तू म्हणते. राग आला तर येऊ दे.

लिहायचं कारण तुझा भाऊ. उद्या अक्षय्य तृतीया. दरवर्षी तो जऊळक्याहून येतो, तुझ्या नावानं पाणी सोडतो, चार घास खाऊन जातो. यंदा त्यानं आधी निरोप धाडलाय. "बाई, जवायाले नाही इचारत मी. तुमालेच इचारतो. काय खरं हाय ते सांगजा." आमच्या पेवावर मागच्या आठवड्यात जे झालं, ते कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार. उद्या तो विचारील आणि मला उत्तर द्यावं लागेल. माझ्या एका शब्दावर ह्यांची मान आहे. म्हणून त्याच्याआधी तुझ्याशी बोलून घेते.

पण आधी माझं गाऱ्हाणं ऐक. इतकी वर्षं मी तुझं ऐकलंच की नाही?

लग्न होऊन किन्हीराजात आले, तर माप ओलांडायच्या आधी सासूबाईंनी माझ्या गळ्यात तुझा टाक बांधला. चांदीचा, नखाएवढा, वर बाईचं तोंड उठवलेलं. पहिली वारली की दुसरीनं तिचा टाक घालावा, ही रीत मला माहीत होती. पण रीत माहीत असणं वेगळं आणि सवत गळ्यात घेऊन झोपणं वेगळं. नवं लुगडं आधी तुझ्या टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. पहिला घास तुझा, मग माझा. सासूबाई म्हणायच्या, "थोरलीले दाखवल्याबिगर काही करू नको बाई. तिचा जीव अडकला राह्यते." माझा जीव कुठं अडकलाय, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि हे? हे माझ्याशी बोलायचे तेव्हा नजर गळ्यावर. तोंडाकडे कधी पाहिलंच नाही. भाजी खारट झाली तरी बोलत नसत. मी माहेरी आठवड्याच्या जागी महिना राहिले, तरी "आली काय?" एवढंच. मला वाटायचं, एकदा तरी खेकसावं माझ्यावर. सासूबाई सांगायच्या की तुझ्या वेळी असं नव्हतं. तू विहिरीवरून यायला जरा उशीर केलास की हे वेशीपर्यंत जायचे. तू हसलीस की दारापुढच्या वट्ट्यावर ऐकू यायचं आणि ह्यांच्या हातातलं काम थांबायचं. हे सगळं त्या कौतुकानं सांगायच्या, आणि मी भाकरी थापता थापता जळायचे. तव्यावरची करपली तर दोष तुझाच धरायचा, बरं का.

तुझ्या मरणाची गोष्टही मी अशीच ऐकली होती. पेव उघडलं होतं. जमिनीच्या पोटात ज्वारी साठवायची ती खोल खड्ड्याची जागा, तिचं तोंड वर्षभर दगड-मातीनं बंद असतं आणि आतली हवा कुजून जाते. पेव उघडलं की ते दिवसभर उघडं ठेवतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर कुणी उतरत नाही. आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं. तोंड अरुंद, म्हणून घरातलं सडपातळ माणूस उतरवायचं. तू उतरलीस आणि वर आलीच नाहीस. गाव म्हणालं, पोरीनं घाई केली. मीही म्हणायचे, बावळट होती. तेवढंच एक सुख होतं मला. सगळ्यात तू वरचढ, पण अक्कल माझी जास्त.

माफ कर. तू बावळट नव्हतीस.

यंदा होळीनंतर कासार आला. मी वट्ट्यावर बसून हात पुढे केला. तो बांगडी चढवता चढवता म्हणतो, "बाई, हात सैल सोडा. थोरल्या बाईचा हात कसा लोण्यावानी होता." त्यालाही तूच आठवत होतीस! माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बघू तर खरं, हसल्यानं काय होतं. आणि कासाराच्या कुठल्याशा फालतू बोलण्यावर मी मोठ्यानं हसले. अगदी तू हसायचीस म्हणतात तशी.

हे अंगणात दोर वळत होते. दोर थांबला. पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "काल लय हासून राह्यली होती." मी मान खाली घातली, पण आतून उकळ्या फुटत होत्या. मग विहिरीवरून आले की, "एवढा येळ काहून लागला?" शेजारणीशी बोलले की, "कोन होतं तिकडं?" मला हे धाक वाटायला हवे होते ना? मला ते दागिने वाटले. मी मुद्दाम उशीर करू लागले. केसांना तेल जास्त लावू लागले. मनात तुला म्हणायचे, बघ, आता माझी पाळी. वेडी होते मी, थोरले. पण इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाला वाढलेलं शिळं आहे की ताजं, हे कुठं कळतं?

मागच्या आठवड्यात पेव उघडलं. मी घरात बसून राखेनं कंदिलाची काच पुसत होते. हे दारात आले. म्हणाले, "दिवा सोडून पाह्यला म्या. जळून राह्यला. चाल, उतर."

मी कासोटा घट्ट खोचला, टोपली घेतली आणि उठले. चार पावलं गेल्यावर मला कळलं. घरात कंदील एकच. सकाळपासून तो माझ्या मांडीवर होता.

तिथं उन्हात उभी राहून मला सगळं दिसलं. तुलाही ह्यांनी हेच सांगितलं होतं. तू नवऱ्याच्या शब्दावर उतरलीस. खून करायला ह्यांना ना सुरा लागला ना विष, एक खोटं वाक्य पुरलं. आणि ते करणारा माणूस कोण? मुंगीवर पाय पडू नये म्हणून बाजूनं चालणारा!

आता मला आधी काय वाटलं ते सांगू? भीती नाही. राग आला, तोही तुझा. लुगडी मला तुझी उतरलेली, पाटल्या तुझ्या, आणि आता मरणही तुझंच उतरलेलं? तुझ्या वेळी किती रात्री तळमळले असतील. माझ्यासाठी तेच पेव आणि तेच वाक्य!

मी परत घरात गेले. कंदील पेटवून आणला. म्हटलं, "एकडाव माह्या हातानं सोडू द्या." मी दोरी सोडली. कंदील पुरुषभर खाली गेला आणि विझला. आम्ही दोघं बघत होतो. पलीकडच्या खळ्यातली माणसंही बघत होती. मी दोरी ओढली तर ती कुठंशी अडकली, आणि हे ती सोडवायला पेवाच्या तोंडाशी आडवे झाले, मान आत घालून.

मी मागे उभी होते. थोरले, एक धक्का पुरला असता. कुणी मला दोष दिला नसता. दोरी सोडवताना तोल गेला, लांबून बघणारे म्हणाले असते. माझा हात त्यांच्या पाठीवर टेकला होता, हे तुझ्यापासून कशाला लपवू? तुझा सूड झाला असता आणि माझा जीव वाचला असता.

पण खाली तू होतीस. हे उतरले असते ते तुझ्याकडे. मग मी टाक गळ्यात घालून वर बसायचं आणि तुम्ही दोघं खाली? नाही जमलं मला. मी त्यांची बंडी धरली आणि सगळं बळ लावून मागं ओढलं.

ते मातीत बसून लहान पोरासारखे रडले. माझा हात धरला. म्हणाले, "थोरलीच्या येळीबी म्या दिवा सोडला नोता. कासार तिचा हात सोडेच ना. मले पाह्यवलं नाही." मग म्हणाले, "तू काहून ओढलं मले?" प्रेमानं ओढलं असं त्यांना वाटतंय, तर वाटू दे.

त्या दिवसापासून ते माझ्या तोंडाकडे पाहून बोलतात. पेव आम्ही दोघांनी दगडांनी बुजवलं. पुढच्या खेपेला कासार आला की मी हात दाराआडून देईन, आणि हसणार नाही. भीती वाटते का? वाटते. कधी पाणी पिताना त्यांची नजर लागली की तांब्या तसाच खाली ठेवते. पण त्यांना रडायला माझ्याशिवाय कुणी नाही, एवढ्यावर मी जगतेय.

तू विचारशील, मग माझं काय? माझ्या भावाला कोण सांगणार? तुझा प्रश्न रास्त आहे. तुझा भाऊ भला माणूस आहे, आणि उद्या तो माझ्यासमोर हात जोडून बसेल. त्याला खरं कळलं तर वाशीमला खटला उभा राहील आणि हे फासावर जातील. म्हणजे पुन्हा तुझ्याकडेच ना? मी त्याला सांगणार आहे, दिवा सोडला होता, जळत होता, तुझ्या बहिणीचं नशीब. त्याच्या डोळ्यांत बघून सांगीन. तुला मारलं ह्यांनी एकट्यानं. उद्यापासून ते आम्हा दोघांचं होईल. एवढी वर्षं ह्यांच्या-माझ्यात आमचं असं काहीच नव्हतं. आता हे आहे.

हे पत्र लिहून झालं की चुलीत घालीन. तुझ्यापर्यंत पोचायला दुसरी वाट मला ठाऊक नाही. उद्या तुझ्या ताटात आंब्याचा रस वाढीन, पुरणाची पोळी वाढीन, तूप हात न आखडता वाढीन. पोटभर जेव. आणि एक वचन देते. ह्यांना मी जपीन, दात पडेपर्यंत, काठी टेकेपर्यंत, तुझं नाव विसरेपर्यंत. मग ने.

तुझी सवत,
गंगू