सभापतींच्या बहिणीचं पद

गुरुवार, २ नोव्हेंबर १९७८

मोटेचं चाक. कुर्र... कुईं... आणि मग थारोळ्यात पाणी कोसळल्याचा धप्प आवाज. थेरगावच्या शाळेच्या खिडकीतून दिवसभर यायचा. मी मुलांकडून कविता त्याच ठेक्यावर म्हणून घ्यायचो. चाळीस वर्षं होत आली. आज पहाटे तोच आवाज कानात घेऊन उठलो आणि चहाच्या आधी नांदी पुरी झाली.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर पहिलं वाचन. कंपनीतली कामगार मंडळी. ‘संगीत सभापती’. आमच्या रघुनाथची कथा. माझा विद्यार्थी, कंपनीत हेल्पर, मग युनियन, मग नगरपालिकेत मेंबर, आता पाणीपुरवठ्याचा सभापती. वस्तीत नळ आणला त्याने. पाइपाच्या वाटेत सख्ख्या बहिणीची, गंगूची, चहाची टपरी आली, तीही ठेवली नाही. दुसरा अंक तोच.

दिनकर (लेथवर आहे, रघुनाथचं काम तोच करणार, गळा गोड) म्हणाला, "रडवलंत की राव गुरुजी."

प्रयोग गुरुवार, २१ डिसेंबर. शाळेच्या पटांगणात. गुरुवार म्हणजे कंपनीत सगळ्यांची आठवड्याची सुट्टी. पटांगणाची परवानगी रघुनाथने एका शब्दात मिळवून दिली.

ही आतून म्हणाली, "सत्तरी आली, आता नाटकं सुचतायत."

रविवार, ५ नोव्हें.

पाळ्यांचा तक्ता केला. दिनकर पहिल्या पाळीत तेव्हा वामन दुसरीत. वामन म्हणजे आमचा खलनायक, टँकरवाला ठेकेदार. आठवडा बदलला की दोघे उलटे. तात्पर्य, नायक-खलनायक समोरासमोर येणं नाही. तोडगा: दिनकर येईल तेव्हा मी वामन, वामन येईल तेव्हा मी दिनकर. ओसरीच्या खांबापाशी उभा राहतो. आज एका दिवसात ठेकेदार झालो, सभापती झालो, मतदार तर वीसेक वेळा.

बहिणीचं काम सुमन करते. तिचा नवरा पेंट शॉपला. तो घरी असेल, पोरं सांभाळेल, तेव्हाच तिला येता येतं. विहारात गाणी म्हणते. आवाज असा की शेजारच्या गॅरेजातला ठोका थांबला.

गुरुवार, १६ नोव्हें.

सुमनला टपरी पाडण्याचं पद दिलं. माझं सर्वांत आवडतं.

मोड दादा, मोड टपरी, मोड माझी सावली
गाव सारे तृप्त होवो, धन्य आपुली माउली

दोनदा वाचलं तिने. कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला.

"गुरुजी, हे मी नाही म्हणणार."

"सूर उंच लागतो का? खाली घेऊ."

"सुराचं नाही. चूल मोडल्यावर बाई असं म्हणत नसते."

त्यांची झोपडी रस्त्यात गेली होती म्हणे, ती लहान असताना. आई पत्रे एकावर एक रचत बसली. कुणाकडे बघितलं नाही, बोलली नाही.

मी चिडलो. म्हणालो, "तुम्हाला कवितेतलं कळत नाही."

"कवितेतलं नसंल कळत. पत्र्यातलं कळतं."

जयभीम करून गेली. दिनकर चपला घालत खाली बघत होता.

शुक्रवार, १७ नोव्हें.

झोप नाही. लाज वाटते. बत्तीस वर्षं मुलांना सांगितलं, कविता खरी असावी लागते. आणि स्वतः...

सकाळी बसने पिंपरीला गेलो. टपरीच्या जागी नळ. बायका ओळीत, एकीचा हंडा दुसरीने पुढे ढकलला म्हणून भांडण. छान वाटलं. हे रघुनाथचंच काम, ते कुणी नाकारू नये.

पण टपरी पाडली त्या दिवशी मी तिथे होतो. आठवून पाहिलं. पत्र्याचा आवाज आठवतो. गंगू दगडावर बसलेली आठवते. ती काय बोलली ते आठवत नाही. मग "मोड दादा" कुठून आलं? आता लक्षात आलं. रघुनाथच्या सत्कारात. तो माइकवर म्हणाला होता, "माझी बहीण म्हणाली, मोड दादा." मी त्याला यमक जोडलं, बस्स.

गंगू त्यानंतर मुलाकडे चाकणला गेली. भाऊबीजेलाही येत नाही, असं ऐकतो.

गुरुवार, २३ नोव्हें.

रघुनाथकडे गेलो. बाहेर माणसं बसलेली, तरी मला आधी आत घेतलं, पाया पडला. खुर्ची स्वतः पुढे केली.

विचारलं, "गंगू खरंच तसं म्हणाली होती का रे?"

पाणी प्यायला. मग, "गुरुजी, बहीण हाय माझी. मनात तसंच असणार की."

"म्हणजे म्हणाली नाही."

"त्या पदावरच टाळ्या पडतील बघा. ऱ्हाऊ द्या." जरा वेळाने, "नसलं जमत तर तो प्रवेशच काढा. लोकांना पाणी दिसू द्या, पत्रं कशाला?"

पटांगणाचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही. पण दोघांच्याही मनात तोच होता.

शनिवार, २५ नोव्हें.

मंडळींची बैठक. वामनही रजा टाकून आला. दिनकर म्हणतो, काढून टाकू. "गुरुजी, वर्षभर वाट बघतोय आम्ही स्टेजवर उभं राहायची. परवानगी गेली तर?" त्याचं चूक नाही.

मी म्हणालो, प्रवेश राहील. पद बदलेल. रघुनाथ मोठा आहेच. पण त्याच्या मोठेपणाची किंमत दुसऱ्या कुणी दिली, ते लपवून मोठा होत असेल तर तो मला नको.

वामन म्हणाला, "माझं काम तसंबी वाईट मानसाचं. मला काय."

रात्रपाळीवाले निघाले.

रविवार, ३ डिसें.

सुमनच्या घरी गेलो. माफी मागितली. ती म्हणाली, "बसा गुरुजी, माफी कशाची," आणि कपात चहा. तिच्या पोरीला दोन कविता म्हणून दाखवल्या. सुमन येते म्हणाली.

पदाची सात पानं फाडली. प्रत्येक वेळी शेवटी गंगू क्षमाच करते! हात त्याच वळणावर जातो. काय करावं या हाताला.

गुरुवार, ७ डिसें.

सुट्टी, आणि आज कुणाचा ओव्हरटाइमही नाही, म्हणून तालमीला पहिल्यांदा सगळे एकत्र. दिनकर-वामन समोरासमोर.

दिनकर गरजला, "ठेकेदार, या गावाचं पाणी विकू देणार नाही!" आणि बघत होता खांबाकडे. वामनही खांबाकडे वळून हसला. एक महिना दोघांनी माझ्याशीच भांडण केलं होतं; मी नाही तर खांब! शिवाय वाक्याच्या मध्ये दोघेही खोकतात. विचारलं, हे काय? "तुम्ही तिथंच खोकता ना गुरुजी, आम्हाला वाटलं लिहिलेलं हाय." सुमन पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड करून हसली. मीही.

शेवटी दोघांना एकमेकांचे खांदे धरून उभं केलं. चार वेळा. जमलं.

गुरुवार, १४ डिसें.

ठरलं. पद नाही. सुमन पत्रे रचेल. एकावर एक. पेटी नुसता सूर धरून राहील. संगीत नाटकातला सर्वांत मोठा प्रवेश बिनगाण्याचा! जन्मभर यमकं जुळवली; या वयात गप्प बसायला शिकतोय.

तालमीत केलं. पेटीवाला भात्यावरचा हात थांबवायला विसरला. दिनकर त्याच्या जागेवर उभा, पुढचं वाक्य त्याला येईना. म्हणाला, "राहू द्या गुरुजी, असंच करू. परवानगीचं बघू."

हस्तपत्रकं वाटली. चाकणच्या बाजारातही कुणी नेली.

सोमवार, १८ डिसें.

रघुनाथचा माणूस आला. "साहेब विचारतात, तो प्रवेश काढला का?"

"नाही. आणि काढणार नाही. साहेबांना पहिल्या रांगेतली खुर्ची ठेवली आहे."

तो निरोप घेऊन गेला. परवानगी अजून तरी रद्द नाही. पटांगण गेलं तर आमची ओसरी आहे. ती गेली तर देवळापुढचा पार. नाटक गुरुवारी होणार.

बुधवार, २० डिसें. सकाळ

पडद्याच्या कड्या मोजत होतो. दाराची कडी वाजली. वाटलं रघुनाथच.

दारात गंगू. एकटी. चाकणहून पहिल्या गाडीने. केस पांढरे झालेत. हातात पिशवी.

"मास्तर, माज्यावर नाटक लिव्हलंय म्हनं."

"रघुनाथवर आहे. तू त्यात आहेस."

"व्हय? मग मी काय बोलते त्यात?"

सांगितलं, काहीच नाही. गप्प असतेस. पत्रे रचतेस.

तिने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "गप? मी गप न्हवते मास्तर. मी लई बोलले. त्या दिशी सगळी ऐकत व्हती, तुमी बी. आता कुनाला आठवना व्हय?"

हिने तिला पाय धुवायला पाणी दिलं. ती मोरीवर आहे, तेवढ्यात हे लिहितो. वही उघडी ठेवली आहे, सुमनला बोलावणं धाडलंय. प्रयोग उद्या सहा वाजता. गंगू पदराने हात पुसत आत येते आहे