माप कोणाच्या कोपराचं

कारंजा, मंगळवार, दिवेलागणीला

एकदाचा ओटा तोडायचा ठरला. खाली ट्रॉल्या बसणार. ओढल्या की गंज, कढई, कुकर सगळं हाताशी. बावीस वर्षं मी हेच मागत होते, आणि ह्यांचं उत्तर एकच, "स्टूल हाय नं घरात." त्याच स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा मोठा गंज काढताना पडले, डावा हात मोडला. मग तीन आठवडे ह्यांना स्वतः वरण-भात करावा लागला, तर ट्रॉल्या लगेच सुचल्या. मिस्त्रीला फोनवर सांगत होते, "लय तरास होऊन राह्यला रे, सारखं चढा-उतरा लागते."

आज मिस्त्री माप घ्यायला आला. म्हणाला, "ज्याले सैपाक करा लागते त्यानं इथं उभं राहा. कोपराच्या हिशेबानं उंची धरतो."

मी उठले. हे म्हणाले, "तिचा हात पलस्तरात हाय. माह्यं माप घे."

उजवा कोपर मोकळा होता माझा. पुढे केलाही होता. मिस्त्रीने तो पाहिला आणि ह्यांच्या मापाने भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली.

हे सहा फूट, मी जेमतेम पाच. आत्ता रेघेशी उभी राहून पाहिलं. माझ्या छातीशी येते.

मघाशी म्हणाले, "सोमवारी पलस्तर निघते, मंगळवारी ओटा तयार. मंग पुरणाच्या पोळ्या करजो."

करीन. ते स्टूल तेवढं कोणाला देऊन टाकू नका म्हणावं. नव्या ओट्यापाशी मला त्याच्यावरच उभं राहावं लागणार आहे.