शालनकाकूंचा राहिलेला रविवार

प्रिय शालनकाकू,

आज सकाळी तुमच्या कवितासंग्रहाची प्रुफं आली. पहिल्या पानावर तुमचं अख्खं नाव! वारज्याच्या या फ्लॅटमध्ये मी एकटीच ओरडले, "काकू, आलं बघा!" आणि मग उमगलं, की कळवायचं ते आता तुम्हाला सोडून सगळ्यांना. तुम्हाला जाऊन चार महिने झाले. पण पहिली बातमी तुम्हालाच द्यायची, म्हणून हे पत्र.

तुमची सून वैशाली माझ्या ऑफिसात. एकदा तिनं मला एक रेकॉर्डिंग पाठवलं. "मंजिरीताई, सासूबाई मेथी खुरपताना असलं काही म्हणत असतात. तुमच्या दर रविवारच्या ऑनलाइन कवितावाचनात चालेल का?" मी ऐकलं.

धरान माझ्या दारात हाय,
पानी मातूर पाहुन्यावानी
टँकरमदनं येतंय.

खडकवासल्याच्या पलीकडं राहणाऱ्या बाईनं तीन ओळींत सगळं सांगून टाकलं होतं. मला त्या आवडल्या. आणि तरी मी काय केलं? तुम्हाला पुढच्या रविवारी बोलावलं आणि कविता 'नीट करून' पाठवली. मोठ्या अक्षरात टाइप करून, हायचं आहे, पानीचं पाणी. मला वाटलं, मदत करतेय!

तो रविवार मी कशी विसरेन? मोबाइलवर तिसेक जण, त्यात दोन प्राध्यापक. तुमचे ओठ हलत होते, आवाज नाही. "काकू, तुम्ही म्यूटवर आहात. आवाज येत नाही." वैशालीनं बटण दाबलं आणि तुम्ही म्हणालात, "येत न्हाई? आमच्या म्हाताऱ्याला तर पार रानात जातो!" सगळे हसले.

मग तुम्ही माझा कागद वाचायला घेतलात. "धरण माझ्या दारात आहे..." आणि थांबलात. चष्मा काढलात.

"मंजिरी, हे कुनाचं हाय गं? ह्यात मी कुठं हाय?"

सगळ्यांसमोर! मला तोंड लपवावंसं वाटलं. तुम्ही कागद बाजूला ठेवलात आणि तोंडपाठ म्हणालात, तुमच्या बोलीत, एकामागून एक पाच कविता. शेवटी प्राध्यापकांपैकी एक जण एवढंच म्हणाले, "पहिली परत म्हणता का?"

त्या दिवसापासून तुमची गाडी कुठली थांबतेय! नागपूरच्या ग्रुपनं बोलावलं, बेळगावच्यांनी बोलावलं. एकदा तर परदेशातल्या मराठी मंडळानं. तिथल्या बाईंनी विचारलं, "आपली काव्यविषयक भूमिका काय?" तुम्ही म्हणालात, "भूमिका नाटकात असती बाई. मी शेतकरीन हाय." वैशाली सांगते, फोन बंद झाल्यावर तुम्ही काकांना म्हणालात, "बघा, आता मी इमानात न बसता परदेस फिरून आले!"

एक गोष्ट मात्र अजून सलते. तुम्ही म्हणाला होतात, "ह्यो रविवार मला एकटीला दे. नव्या दहा कविता हायेत." मी तो रविवार एका नावाजलेल्या कवीला देऊन बसले होते. म्हटलं, "काकू, दोन आठवड्यांनी तुमचाच." तुम्ही हो म्हणालात. अहो, भांडायचं ना माझ्याशी! दवाखान्यात जाऊन आल्याचंही लपवलंत. मी विचारलं तर "साधा खोकला हाय" म्हणे. तुमच्या रविवाराच्या चार दिवस आधी वैशालीचा फोन आला.

पुस्तकाचं मात्र मी मनावर घेतलं. प्रकाशक म्हणाले, "कविता उत्तम आहेत. फक्त भाषा जरा स्वच्छ करून घेऊ." मी म्हटलं, "स्वच्छच करायची असती, तर लाँड्रीत दिली असती. तुमच्याकडे कशाला आणली असती?" आणि फाइल उचलून घरी आले. आठवडाभर फोन नाही. मीही केला नाही. मग त्यांचाच आला. "जशी आहे तशी छापू. पण मागे शब्दार्थ देऊ का?" तेवढं मी कबूल केलं. चालेल ना? रागावू नका.

परवा पुस्तकाचं सांगायला काकांकडे गेले होते. नव्या दहांपैकी सहाच कागदावर सापडल्या, असं म्हटलं. काका गोठ्यापाशी बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बाकीच्या चार मला येत्यात. समद्या आदी मलाच म्हनून दाखवायची ती." आणि तिथंच सुरू झाले. मी अन् वैशाली उभ्या उभ्या लिहून घेत होतो. अक्षर दिसेना, तरी लिहिलं.

काकू, येता रविवार तुमचा. दुसरं कुणी वाचणार नाही. मोबाइलसमोर काका बसतील आणि दहाही कविता म्हणतील. त्यांचा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तरी मी मध्ये तोंड उघडणार नाही. वचन!

तुमची,
मंजिरी